टागालोग घरांतील वडीलधाऱ्यांचा मान

फिलिपाइन्स बेटांतील टागालोग भाषा बोलणाऱ्या घरांत वडील मंडळी भेटतांच लहानानें ‘मानो पो’ म्हणावें, त्यांचा हात हातीं घ्यावा आणि किंचित् लवून तो पालथा आपल्या कपाळास लावावा, असा शिष्टाचार आहे. वडील त्यावर ‘देवाची तुजवर कृपा असो’ अशा अर्थाचा आशीर्वाद देतात.

‘मानो’ म्हणजे हात. हा शब्द स्पॅनिश. १५६५ पासून १८९८ पर्यंत तेथें स्पेनचा अंमल होता. ‘पो’ हें आदरार्थी अव्यय मात्र टागालोग भाषेचें स्वतःचें. त्याचा निराळा अर्थ सांगतां येत नाहीं; पण वडिलांशीं बोलतांना तें गाळलें कीं बोलणें उर्मट ठरतें. बरोबरीच्यास होकार द्यावयाचा तो ‘ओओ’, वडिलांस ‘ओपो’. वडील एकटे असले तरी त्यांस ‘कायो’ हें अनेकवचनी सर्वनाम योजतात. थोरल्या भावास ‘कुया’ व बहिणीस ‘आते’ म्हणतात. हे शब्द चिनी लोकांच्या होक्कियेन बोलींतून आले. शिक्षकास ‘गुरो’ म्हणतात; त्याचें मूळ संस्कृतज्ञांस सांगावयास नकोच.

या आचारांतील एक गोष्ट आम्हांस विशेष मननीय वाटते. पायांवर डोकें ठेवणाऱ्यास वडिलांनीं कांहीं केलें नाहीं तरी नमस्कार घडतो. ‘मानो’ मात्र वडिलांनीं हात दिल्यावांचून पुरा होत नाहीं. ‘हल्लीचीं मुलें मान राखीत नाहींत’ अशी तक्रार घरोघर ऐकूं येते. ती करण्यापूर्वीं आपला हात आपण कितीदां पुढें केला, हें वडीलधाऱ्यांनीं अवश्य पाहावें.