खंडेनवमी आणि माळ्याचे खुरपे

आश्विन शुद्ध नवमी. घटांतील अंकुर वीतभर उंच होऊन पिवळसर हिरवे दिसू लागले आहेत, नंदादीप अखंड तेवतो आहे आणि घराघरांतून आज पाटावर हत्यारे मांडली जात आहेत. खंडा म्हणजे तलवार. तिच्यावरून या दिवसाला खंडेनवमी हे नाव पडले. पण सामान्य गृहस्थाच्या घरी तलवार कोठली असणार? म्हणून सुतार आपला वाकस मांडतो, सोनार हातोडी मांडतो, वैद्य खल आणि बत्ता धुऊन ठेवतो, विद्यार्थी लेखणी ठेवतो, आणि ज्याच्या दारी मोटार आहे तो तिला हार घालतो. ज्या साधनाने अन्न मिळते त्या साधनापुढे वर्षातून एकदा मस्तक नमवावे, हा या पूजेचा सरळ अर्थ होय.

या सर्व पूजांत एक वस्तू मात्र सर्वत्र सारखीच असते, ती म्हणजे झेंडूचे फूल. ते फूल आपल्या दारापर्यंत आणणारा माळी आज काय करीत असतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. तो आणि त्याच्या घरची माणसे रात्रीच मळ्यात उतरलेली असतात. झेंडू हातांनी खुडला जातो, परंतु आंब्याचे डहाळे, केळीचे खांब आणि तुळशीच्या जुड्या यांना विळा व कोयता लागतो. ज्या दिवशी सगळ्यांची हत्यारे विश्रांती घेतात, त्याच दिवशी माळ्याच्या हत्याराला वर्षातले सर्वांत मोठे काम पडते. त्याची पूजा झालीच तर दिवेलागणीनंतर, उरल्यासुरल्या फुलांनी होते.

म्हणून सुज्ञ वाचकांपुढे आज एक विनंती ठेवावयाची आहे. आपल्या देवाला वर्षभर फुले आणि तुळस पुरविणाऱ्या माळ्याला, अंगणातील झाडे राखणाऱ्या माणसाला, किंवा घरातीलच एखाद्या बागवेड्या आजोबांना यंदा दसऱ्याला एक चांगले हत्यार भेट द्यावे. मात्र ते निवडून द्यावे. निवड कशी करावी, हे मी एका चुकीतून शिकलो. ती चूकही पुढे सांगणार आहे.

दात्र आणि दान

प्रथम शब्दांकडे पाहू. अमरकोशात कापणीच्या विळ्याला दात्र आणि लवित्र, तर खणण्याच्या हत्याराला खनित्र म्हटले आहे. पाणिनीने तिसऱ्या अध्यायात लू, खन् इत्यादी धातूंना साधनवाचक ‘इत्र’ प्रत्यय सांगितला, त्यातून लवित्र आणि खनित्र सिद्ध झाले. दात्र मात्र ‘दा’ धातूपासून आले. हा ‘दा’ कापणे या अर्थाचा, आणि ज्या ‘दा’पासून दान हा शब्द झाला तो देणे या अर्थाचा. व्याकरणात हे दोन निराळे धातू आहेत. कानाला मात्र एकच वाटतात. विळा दान करणाऱ्याला हा योगायोग गोड वाटावा.

खणणे हे हलके काम, अशी समजूत आपल्या पूर्वजांची नव्हती. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात साक्षात अगस्त्य ऋषी खनित्राने खणताना दिसतात. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तर वृक्षायुर्वेद नावाचा स्वतंत्र अध्यायच आहे. रोगट झाडाची चिकित्सा सांगताना तेथे म्हटले आहे की, प्रथम रोगट भाग शस्त्राने काढून शोधन करावे, मग वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा आणि दूध मिसळलेल्या पाण्याचे सिंचन करावे. तेथे योजिलेला शब्द ‘शस्त्र’ हाच आहे. तेव्हा माळ्याच्या चाकूला आज शस्त्र म्हणून पुजावे, याला शास्त्राचा आधार शोधण्यास फार लांब जावे लागत नाही.

आणि आपल्या महाराष्ट्राला तर यासाठी ग्रंथही उघडावयास नको. माढे तालुक्यातील अरण येथे सावता महाराजांची समाधी आहे. शके 1217, म्हणजे इसवी सन 1295 मध्ये, आषाढ वद्य चतुर्दशीस ते समाधिस्थ झाले. मळा सोडून पंढरीस जाण्याची त्यांना गरज वाटली नाही. कांद्यात, मुळ्यात, भाजीत त्यांना विठाई दिसली. आषाढीस सर्व संतांच्या पालख्या पंढरपुरी येतात, पण सावतोबांच्या भेटीसाठी पांडुरंगाची पालखी पंढरपुराहून अरणास जाते. देवाला लपविण्यासाठी सावतोबांनी हातातील खुरप्याने स्वतःचा देह विदारून त्याला हृदयाशी घेतले, अशी कथा आम्ही कीर्तनांतून सांगतो. तण काढण्याचे एक साधे पाते, पण भक्ताच्या हाती ते देवाच्या निवासाचे दार उघडणारे झाले.

माझी चूक

ही कथा वर्षानुवर्षे सांगूनही खुरप्याविषयी मी किती अज्ञानी होतो, ते आता ऐकावे.

चंद्रभागेपलीकडे मळा असलेले एक माळीदादा पुष्कळ वर्षे आमच्या भजनी मंडळाला तुळशीच्या माळा देत असत. एकादशीस तर ते एक पैसाही घेत नसत. मंडळाने ठरविले की, दसऱ्याला त्यांचा सत्कार करावा. शाल आणि श्रीफळ नेहमीचेच, म्हणून या वेळी उपयोगाची वस्तू द्यावी, असे मीच सुचविले आणि खरेदीही माझ्याकडेच आली. शहरातील एका दुकानातून मी चकाकणाऱ्या पात्यांचा, रंगविलेल्या मुठींचा, मखमली पेटीतील खुरपे, कात्री आणि लहान फावडे असा संच आणला. कीर्तनाच्या शेवटी टाळ्यांच्या गजरात तो त्यांच्या हाती दिला. त्यांनी पेटी मस्तकी लावली. मला धन्यता वाटली.

पुढील वर्षी काही कारणाने त्यांच्या मळ्यात जाणे झाले. झोपडीतील देवळीत, पांडुरंगाच्या तसबिरीखाली ती पेटी जशीच्या तशी होती. तिला रोज हळदकुंकू वाहिले जात होते. दादा मात्र अर्धे झिजलेले जुनेच खुरपे घेऊन तुळशीच्या वाफ्यात बसलेले. मी विचारले, “दादा, ते खुरपे वापरीत नाही का?”

ते संकोचले. म्हणाले, “बुवा, खुरपं लई झ्याक हाय. पर ते माझ्या हाताचं न्हाई.”

मी पाहू लागलो आणि मग ध्यानात आले. दादा डावखुरे होते. आपल्याकडील खुरप्याचे पाते मुठीपासून एका बाजूस वळविलेले असते. उजव्या हातात धरले की ते जमिनीशी सपाट बसते आणि तणाच्या मुळाखालून सरकते. तेच डाव्या हातात घेतले तर पाते उलटे पडते, मनगट मुरगळते आणि तणाबरोबर रोपही कापले जाते. कात्रीचेही तसेच. आणलेले तिन्ही जिन्नस उजव्या हाताचे होते.

“मग तुम्ही त्या वेळीच का बोलला नाहीत?” मी विचारले.

दादा थोडा वेळ तण काढीत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, “तुमीच येकदा देवळाच्या दारात बोलला व्हता बुवा. तुळशीची पाटी डाव्या हातानं फुडं केली म्हून. तवापास्नं देवाचं समदं उजव्या हातानंच करतो. पर खुरपं काय उजव्या हातानं चालंना.”

मला तो प्रसंग आठवतही नव्हता. माझ्या दृष्टीने तो एक बोलण्याच्या ओघातील शब्द होता. त्यांनी तो पंधरा वर्षे उराशी बाळगला होता. ज्या हाताने ती तुळस लावली, निंदली, कापली, तोच हात देवाच्या दारी मी अपवित्र ठरविला होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दरवर्षी विजयादशमीला मी विराटपर्वातील शमीवृक्षाचे आख्यान लावतो. अर्जुन शमीवरून शस्त्रे खाली उतरवून घेतो आणि उत्तराला आपली दहा नावे सांगतो. त्यांतील एक नाव सव्यसाची. धर्मकृत्यांच्या बोलण्यात आपण सव्य म्हणजे उजवे असे धरतो, परंतु संस्कृतात सव्य या शब्दाचा अर्थ डावा असाच आहे. गांडीव ओढण्यास ज्याचा डावा हातही उजव्याइतकाच समर्थ, तो सव्यसाची. हा अर्थ मी शेकडो श्रोत्यांना फोड करून सांगितला होता, आणि पुढे झालेला तुळशीचा हात मात्र मला ओळखता आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातील लोहाराकडे गेलो. खुरपे हवे म्हणताच त्याने ऐरणीवरची नजरही न काढता पहिला प्रश्न केला, “हात कंचा?” जो प्रश्न मला सुचला नाही, तो त्याच्या जिभेवर होता. त्याने पाते उलट्या अंगास वळवून दिले. मी ते घेऊन मळ्यात गेलो, दादांची क्षमा मागितली आणि त्यांच्या डाव्या हातात ते ठेवले. त्यांनी तेथेच बसून अर्धी सरी निंदली. नंतर तुळशीची एक जुडी कापली आणि माझ्यापुढे केली, डाव्या हातानेच. मी ती दोन्ही हातांनी घेतली.

हत्यार निवडताना

गीतेने सात्त्विक दानासाठी देश, काल आणि पात्र ही तीन अंगे सांगितली आहेत. हत्यार देतानाही तीच पाहावीत.

पात्र म्हणजे घेणारा हात. त्याचे जुने हत्यार पाहावे. मुठीवर झीज कोठे आहे, यावरून हात उजवा की डावा, पकड पुढची की मागची, हे कळते. खुरपणी बहुतेक ठिकाणी स्त्रियाच करतात, म्हणून मूठ त्यांच्या पंजाला जाड होणार नाही, हे विसरू नये. माळी वृद्ध असेल तर वजन हलके असावे.

देश म्हणजे भूमी. काळ्या, चिकट जमिनीत खुरप्याचे पाते रुंद व गुळगुळीत हवे. मुरमाड जमिनीत ते आखूड आणि जाड हवे. कुंडीतल्या बागेला कुदळ देऊन काय उपयोग? तेथे बोटभर रुंदीचे लहान खुरपे आणि बारीक छिद्रांची झारी पुरते.

काल म्हणजे ऋतू. पाऊस सरला की याच सुमारास गुलाबाची छाटणी होते. तिच्यासाठी कात्री द्यावयाची तर एक पाते दुसऱ्याच्या बाजूने निसटून कापणारी घ्यावी. सपाट पट्टीवर पाते आदळणारी कात्री सुकलेल्या फांदीला ठीक, पण ओल्या फांदीला ती चिरडते, आणि चिरडलेल्या जागी रोग शिरतो. स्प्रिंग नरम असावी व मिटवून ठेवण्याची खीळ पक्की असावी.

आता धातू. जुन्या गाड्यांच्या कमानपाट्यांपासून घडविलेले खुरपे पुष्कळ टिकते, कारण ते पोलाद धार धरून ठेवते. पाते बोटाने टिचकावून पाहावे. नाद खणखणीत आला तर अंगात चीर नाही असे समजावे. लोहाराने पाणी नीट दिले नसेल तर धार वळते, आणि फाजील दिले असेल तर तुकडा उडतो. मूठ बाभळीची असावी आणि पात्याचे शेपूट तिच्यात खोल गेलेले असावे. मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडे हवेच, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात मूठ फाटते. रंगाने मढविलेली मूठ शक्यतो टाळावी, कारण रंगाखाली लाकडाची भेग लपते. शक्य असेल तेथे गावातील लोहाराकडून किंवा बाजाराला येणाऱ्या घिसाड्याकडूनच घडवून घ्यावे. म्हणजे एका दानात दोन घरांची पूजा होते.

धारेची वस्तू भेट देऊ नये, त्याने नाते तुटते, असे काही घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया म्हणतात. त्यांचा मान राखावा. घेणाऱ्याकडून एक रुपया मागून घ्यावा, म्हणजे ती भेट न राहता खरेदी होते आणि शंकेला जागा उरत नाही. सोबत पाजवण्याचा दगड आणि खोबरेल तेलाची लहान बाटली द्यावी. काम संपल्यावर पाते पुसून तेलाचा हात फिरवला की गंज चढत नाही. रोगट झाड कापल्यावर पाते स्पिरिटने पुसण्याचीही आठवण करून द्यावी, नाहीतर एका झाडाचा रोग दुसऱ्याला लागतो.

आज आपल्या पाटावर ते नवे खुरपे मांडा. हळदकुंकू वाहा, झेंडूचे फूल ठेवा. उद्या शिलंगणाचे सोने लुटताना आपट्याच्या पानांबरोबर ते माळ्याच्या हाती द्या, आणि देण्यापूर्वी एवढे विचारा, “दादा, हात कोणता?” तो जो हात पुढे करील, त्यातच ते ठेवा. आमच्या माळीदादांना जाऊन आता काही वर्षे झाली. त्यांची सून तुळस घेऊन येते. ती उजव्या हाताची आहे, म्हणून ते खुरपे तिला चालत नाही. पण आज नवमीला ते तिच्या पाटावर असेल, धार लावलेले आणि तेल दिलेले. मखमली पेटीही तेथेच आहे म्हणे. तिच्यात आता ती तुळशीचे बी ठेवते.