यंत्राच्या पोटात, लेखांक ९ : ‘४८’ वाचताना कोसळलेला प्रोग्राम

समजा, रत्नागिरीतल्या एका आंबा बागायतदारासाठी कुणी रस्ट भाषेत छोटासा प्रोग्राम लिहिला. काम साधे आहे: फाईलमधली एकेक ओळ वाचायची, पेट्यांचा आकडा घ्यायचा, बेरीज करायची. शेकडो ओळी सुरळीत जातात. मग एका ओळीत मराठी कळफलकावरून टाकलेला ‘४८’ येतो. मजकुरातून आकडा काढणारे रस्टचे ‘पार्स’ फक्त इंग्रजी अंक ओळखते, त्यामुळे ते अंक अवैध असल्याची चूक परत करते. प्रोग्रामरने पुढे ‘अनरॅप’ लिहिले असेल, म्हणजे ‘उत्तर असेल तर दे, चूक असेल तर पॅनिक हो’ असे सांगून ठेवले असेल, तर प्रोग्राम तिथेच पॅनिक होतो.

पुढे जे घडते ते बेशिस्त मुळीच नसते.

फंक्शनने फंक्शनला बोलावले की स्टॅकवर फ्रेमची थप्पी कशी चढते, हे गेल्या लेखांकात पाहिले. इथे तळाशी मुख्य फंक्शन, त्यावर फाईल वाचणारे, त्यावर ओळ वाचणारे. पॅनिक झाल्यावर ही थप्पी वरून खाली उलगडत जाते. यालाच अनवाइंडिंग म्हणतात. फ्रेम सोडताना तिच्या मालकीच्या प्रत्येक वस्तूचे ‘ड्रॉप’ चालते: ओळीसाठी घेतलेली मेमरी परत जाते, उघडी फाईल बंद होते. मुख्य थ्रेडमधला पॅनिक कुणीच अडवला नाही, तर प्रोग्राम १०१ हा कोड देऊन संपतो.

कुठल्या फ्रेममध्ये काय आवरायचे, हे ऐनवेळी कसे कळते? कंपायलरने त्याचे तक्ते आधीच तयार करून प्रोग्रामच्या फाईलमध्ये ठेवलेले असतात. लिनक्सवर ही यंत्रणा सी प्लस प्लसचीच आहे आणि ती दोन फेऱ्यांत चालते. पहिल्या फेरीत पॅनिक अडवणारे कुणी आहे का ते शोधायचे, दुसरीत खरी आवराआवर करायची. आवरतानाच ‘ड्रॉप’मधून दुसरा पॅनिक बाहेर पडला, तर मात्र रस्ट सगळा प्रोग्राम तत्काळ बंद करते.

पॅनिक थांबतो तो सीमेवर. थ्रेड ही अशी एक सीमा. प्रत्येक फाईल वेगळ्या थ्रेडमध्ये वाचली, तर ‘४८’ वाली फाईल अडते, बाकीच्यांचे काम चालू राहते. २०१६ मध्ये ‘कॅच अनवाइंड’ हे फंक्शन स्थिर झाले आणि प्रोग्रामरला हवी तिथे सीमा आखता येऊ लागली. त्याच वर्षी ‘अबॉर्ट’चा पर्यायही स्थिर झाला: उलगडणे नाही, थेट शेवट. प्रोग्रामचा आकार घटतो, पण ‘ड्रॉप’ चालत नाही. बफरमध्ये साठलेले, अजून डिस्कवर न गेलेले लिखाण हरवते.

मात्र सीमा नुकसान आवरते, कारण दूर करत नाही. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय वेळेनुसार दुपारी ४.५० च्या सुमारास क्लाउडफ्लेअरचे जाळे गडबडले. चॅटजीपीटी, एक्स यांसारख्या सेवा जगभर अडखळल्या. डेटाबेसच्या परवानग्यांमधल्या एका बदलामुळे बॉट ओळखणाऱ्या यंत्रणेच्या फाईलमध्ये नोंदी दुबार येऊन ती दुप्पट झाली होती. ती वाचणाऱ्या रस्ट कोडमध्ये २०० वैशिष्ट्यांची मर्यादा होती. मर्यादा ओलांडली गेली, चूक परत आली आणि तिच्यापुढे होते ‘अनरॅप’. थ्रेड पॅनिक झाले, ग्राहकांना ५०० च्या घरातल्या त्रुटी दिसू लागल्या. सदोष फाईलचा प्रसार थांबवून जुनी, चांगली फाईल बसवल्यावर रात्री ८ च्या सुमारास बहुतेक वाहतूक सुरळीत झाली.

असे ‘अनरॅप’ शोधायला रस्टकडे ‘क्लिपी’ हे साधन आहे. आयआयटी मुंबईत शिकलेल्या मनीष गोरेगावकर यांनी ते सुरू केले. त्यातला ‘अनरॅप यूज्ड’ हा नियम प्रत्येक ‘अनरॅप’कडे बोट दाखवतो, पण तो मुद्दाम चालू करावा लागतो. छोट्या प्रयोगात ‘अनरॅप’ खपून जाते. बाहेरून आलेली फाईल वाचणाऱ्या कोडमध्ये हा नियम चालू असायलाच हवा. बागायतदाराच्या प्रोग्रामला मग दोन रस्ते उरतात: देवनागरी अंक आधी इंग्रजीत बदलून घ्यायचे, किंवा ओळीचा क्रमांक सांगून ती बाजूला ठेवायची आणि पुढे जायचे.

(पुढील लेखांकात : कुलूप हातात असताना थ्रेड पॅनिक झाला, तर ‘म्युटेक्स’चे काय होते?)