खोलीचं तापमान, पण कोणत्या खोलीचं?

लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा सल्ला वाइनविषयी चार ओळी वाचलेल्या कुणालाही ठाऊक असतो. तो मुळात युरोपातल्या जाड भिंतींच्या घरांसाठी होता, जिथे खोली १६ ते १८ अंशांवर असायची. नवतप्यात बाहेर पारा ४५ च्या पुढे आणि कूलर लावूनही खोली तिशीत, अशा नागपुरात तोच सल्ला पाळला तर चांगल्या बाटलीचाही काढा होतो. नागपूरकराला लक्षात राहील अशी वाइन प्यायची असेल तर किमतीआधी तापमान शिकावं लागतं. बाटलीचा प्रवास वेलीपासून पाहिला की ते सोपं जातं.

थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात झोपते. नाशिकला ती झोपत नाही, म्हणून बागायतदार तिला वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. काटोल-नरखेडचा संत्रा बागायतदार पाणी तोडून झाडाला ताण देतो आणि बहार धरतो, त्याच जातीचं हे शहाणपण आहे. झाडाने कधी फळायचं ते माणूस ठरवतो. त्यामुळे वाइनची द्राक्षं थंड रात्रींत पिकतात, त्यांच्यातला आंबटपणा टिकतो आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी होते. युरोपात ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. लेबलवरचं वर्ष तोडणीचं असतं, म्हणजे २०२४ ची नाशिकची वाइन २०२४ च्या फ्रेंच वाइनपेक्षा सहाएक महिन्यांनी थोरली.

आपल्याकडे या धंद्याला फार वर्षं झालेली नाहीत. १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी नारायणगावला फसफसणारी वाइन करून परदेशी पाठवली. राजीव सामंत यांच्या सुला विनयार्ड्‌सची पहिली वाइन २००० साली आली आणि २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. नंतर अकलूजकडे फ्रातेल्लीने इटलीच्या सांजोवेसे द्राक्षाची लागवड केली. यातल्या बहुतेक वाइन ताज्या प्यायच्या असतात. जुनी तितकी भारी, हे इथे सरसकट लागू नाही. पांढरी घेताना एक-दोन वर्षांतलीच घ्या.

दुकानात आधी बाटली कुठे ठेवली आहे ते बघा. काचेच्या कपाटात, ऊन लागणाऱ्या जागी उभी असेल तर सोडून द्या. बूच वर सरकलंय किंवा गळ्याशी चिकट ओघळ आहे, म्हणजे उष्णतेने आतला द्रव फुगून बाहेर आला आहे. अशी वाइन शिजलेल्या फळासारखी लागते. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत तर ती तासाभरातही बिघडू लागते. नाशिकहून समृद्धी महामार्गाने बाटल्या आणायचा मोह होतो, पण वाटेत वर्धा जिल्हा आहे आणि तिथे दारूबंदी आहे. त्यापेक्षा नागपुरातच, संध्याकाळी खरेदी करावी.

घरी साठवणीला बारा-चौदा अंश उत्तम. तळघर नसलं तरी फ्रिज आहे. उन्हाळाभर लाल-पांढरी दोन्ही त्यातच ठेवा. पांढरी पिण्याआधी दहा-पंधरा मिनिटं बाहेर काढा, लाल अर्धा-पाऊण तास. फार थंड वाइनचा गंध दबतो आणि लाल असेल तर तुरटपणा टोचतो. फार कोमट झाली की अल्कोहोल आधी नाकात जातं आणि फळ हरवतं. ऐनवेळी वीज गेली तर बाटलीला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यात ठेवा. माठ गार होतो त्याच कारणाने तीही काही अंश उतरते. हा उपाय कोरड्या मे महिन्यातला आहे, पावसाळी दमट हवेत तो चालत नाही.

आता पेला. तो तिसऱ्या हिश्श्याइतकाच भरा, हलकेच फिरवा आणि नाक आत घाला. चव म्हणून आपण जे ओळखतो त्यातलं बरंचसं गंधाचं काम असतं. खात्री करायची तर नाक चिमटीत धरून संत्र्याची फोड चावा. नुसतं गोड-आंबट लागेल. नाक सोडलं की संत्रं अवतरतं, कारण गंध घशामागून नाकात चढतो. वाइनचंही तसंच. घोट तोंडात फिरवताना तीन गोष्टी वेगळ्या काढा. लाळ सुटली तर तो आंबटपणा. कोऱ्या कडक चहानंतर हिरड्या आवळतात तसं झालं तर ते टॅनिन. गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते, ती तिची लांबी. गंधाची नावं परक्या फळांत शोधू नका. सोव्हिन्यों ब्लाँमध्ये पेरू आणि ढोबळी मिरची सापडते. शिराझमध्ये काळी मिरी सापडते आणि ती नुसती उपमा नाही, कारण मिरीच्या वासामागचा रोटंडोन हा रेणू शिराझच्या द्राक्षातही असतो.

जेवणाशी जोडी लावताना सावजीला वचकून राहावं. अल्कोहोल तिखटाचा जाळ वाढवतं आणि टॅनिन त्यात भर घालतं. म्हणून सावजी मटणाबरोबर भारदस्त लाल नको. चांगली गार, किंचित गोड चेनिन ब्लाँ बरी. सांबारवडीतल्या हिरव्या सांबाराशी सोव्हिन्यों ब्लाँचं जमतं, भाजलेल्या वांग्याच्या भरताच्या धुरकट चवीशी शिराझचं. संत्रा बर्फीपुढे मात्र वाइन बर्फीहून गोड हवी, नाहीतर ती आंबट लागते. वेलीवर उशिरापर्यंत राखलेल्या द्राक्षांची गोड वाइन इथे कामी येते.

शेवटी वही. ७५० मिलीची बाटली सहा जणांत वाटली तर प्रत्येकाला १२५ मिली येते. खर्चही विभागतो, मात्राही आवरती राहते. दोन बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून लेबल न बघता चाखा आणि प्रत्येकाने नाव, वर्ष, तापमान आणि एक वास लिहून ठेवावा. मग तीच वाइन एकदा मेमध्ये आणि एकदा डिसेंबरात काढा. दोन पानं शेजारी ठेवली की कळेल, वाइन किती बदलली आणि आपली खोली किती.