पदवीचं संशोधन (भाग ६) : विषय कतारगाममध्येच आहे

पदवीच्या चौथ्या वर्षात संशोधन करता येईल, असं नव्या शैक्षणिक धोरणाने ठरवलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या आराखड्यात त्याची अटही आहे : पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण, आणि मग १२ श्रेयांकांचा प्रकल्प. नियम समजायला सोपा आहे. मुलं अडतात ती विषयापाशी. मग ‘हिरे कामगारांच्या समस्या’ असं काहीतरी ऐसपैस शीर्षक येतं आणि वर्ष संपेपर्यंत प्रश्नच सापडत नाही.

सुरतेच्या कतारगाममध्ये विषय शोधायला लांब जावं लागत नाही. सप्टेंबर १९९४मध्ये तापीचा पूर ओसरल्यावर वेड रोड-कतारगाम पट्ट्यात न्यूमोनिक प्लेगचे रुग्ण आढळले आणि लाखो लोकांनी शहर सोडलं. विज्ञानाचा प्रश्न होता, हा खरोखर प्लेगच का? त्या वेळी यावर बराच वाद झाला. पुढे हैदराबादच्या ‘सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायोलॉजी’तल्या (सीसीएमबी) संशोधकांनी जंतूचा डीएनए तपासून २०००मध्ये त्याचं उत्तर होकारार्थी दिलं. समाजशास्त्राचा प्रश्न वेगळा : हे दाट वस्तीच्या, श्रीमंत होत चाललेल्या शहरातच का घडलं? सुरतेच्या सेंटर फॉर सोशल स्टडीजशी दीर्घकाळ निगडित असलेल्या घनश्याम शाह यांनी १९९७च्या पुस्तकात सार्वजनिक आरोग्य आणि शहराची वाढ यांच्या अंगाने तो मांडला. १९९५मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले आणि स्वच्छतेच्या कामाने वेग घेतला, हा त्या कहाणीचा पुढचा भाग.

मानव्यशाखेचा प्रश्न मात्र मला अजून पुरता हाताळलेला दिसत नाही. त्या आठवड्यात कोण गेलं, कोण राहिलं, परत आल्यावर शेजारी कसे वागले? तेव्हा विशीत असलेली माणसं आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायला प्रयोगशाळा लागत नाही, फोन आणि त्यांची रीतसर संमती लागते. आणि पंधरा-वीस माणसांशी नीट बोललेला विद्यार्थी दोनशे प्रश्नावल्या भरून आणणाऱ्यापेक्षा अधिक शिकतो, असं माझं ठाम मत आहे.

आता हिऱ्यांकडे. कतारगामच्या कारखान्यात घंटीभोवती, म्हणजे हिरे घासायच्या फिरत्या चकतीभोवती, कारागीर बसतात. पैलू पाडलेल्या नगावर मजुरी ठरते. बाजार मंदावला की दिवाळीची सुट्टी लांबते. २००८च्या मंदीत अनेकांचं काम गेलं. इथे चांगला प्रश्न असा असेल : काम बंद असलेल्या महिन्यात घरचा हप्ता कोण भरतं, आणि मुलांची शाळा कुठे अडते? हा प्रश्न अर्थशास्त्राच्या मुलीला जेवढा लागू आहे तेवढाच सांख्यिकी शिकणाऱ्यालाही. एकाने वह्या आणि पावत्या पाहाव्यात, दुसरीने घरातल्या बायकांशी बोलावं. मालकाच्या समोर कारागिराला विचारू नये. तो खरं सांगणार नाही आणि सांगितलं तर अडचणीत येईल.

मार्गदर्शकांना एक विनंती. विद्यार्थ्याने लिहिलेल्या अहवालाची एक प्रत, सोप्या गुजरातीत दोन पानांचा सारांश जोडून, ज्यांच्याशी तो बोलला त्या घरांपर्यंत पोहोचवा. गुण देण्याआधी ती पोहोचली का, हे विचारा.