खंड्याचं वजन आणि फाशावरचे आकडे

बीदर जिल्ह्यात संतपूर-औरादच्या अंगाला एकच देव तीन भाषांत हाक ऐकतो. भालकी तालुक्यातल्या खानापूरचा मैलार तेलुगू माणसाचा मल्लण्णा, मराठी माणसाचा खंडोबा. ‘येळकोट’ म्हणत भंडारा उधळणाऱ्या कित्येकांना ठाऊक नसतं, की हा कानडी ‘एळु कोटी’, म्हणजे सात कोटी. देवाच्या हाती खड्ग, त्रिशूळ, डमरू आणि भंडाऱ्याचं पात्र. पण नाव चिकटलं ते खड्गाचं, खंड्याचं.

जेजुरीच्या गडावर याच देवाचा खंडा आहे. वजन 42 किलो. दसऱ्याच्या उत्सवात तो एका हाताने तोलून धरायची स्पर्धा लागते, काही गडी तर दातांनी उचलतात. या शस्त्राने कोणी कोणाला मारत नाही. ते पेलतं कोणाला, एवढाच सवाल.

हा सवाल टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळांत मात्र पुष्कळदा हरवतो. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणला. एक सूत्रधार गोष्ट सांगतो, बाकीचे आपापलं पात्र चालवतात आणि तलवार लागली की चुकली ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. जादूची तलवार मिळाली, तर फाशावरच्या आकड्यात एक, दोन किंवा तीन मिळवायचे. आर्थर राजाची एक्सकॅलिबर असो की कोपऱ्यावरच्या लोहाराची तलवार, फरक बेरजेचा!

1976 च्या ‘गॉड्स, डेमी-गॉड्स अँड हीरोज’ या पुरवणीत तर देवांनाच ‘हिट पॉइंट’, म्हणजे किती मार सोसवेल त्याचे आकडे, लागले. त्यात आपले देवही आले. संपादक टिम कास्क यांचा प्रस्तावनेतला रोख उपहासाचा होता: ओडिनचीच ताकद एवढी असेल, तर अव्वाच्या सव्वा फुगवलेली तुमची पात्रं कोण मानणार? खेळाडूंनी बहुधा ती पुरवणी यादीसारखी वाचली आणि देवांवर चाल केली. ज्याची तळी उचलली जाते त्या देवाला असा आकडा लावणं इथल्या घरात पटणारं नाही. शस्त्र उसनं घ्यावं, देव देव्हाऱ्यात राहू द्यावा. मिमी मंडल यांनी 2022 मधल्या ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’मध्ये याहून शहाणी वाट धरली. बंगालच्या मातीतून त्यांनी शंखभूमी हा काल्पनिक मुलूखच उभा केला.

जुन्या नियमांत एक चीज मात्र झकास उतरली आहे. ‘हॅमर ऑफ थंडरबोल्ट्स’ हा उघडच थॉरचा हातोडा. त्याचं खरं बळ हवं, तर राक्षसी ताकदीचा पट्टा आणि खास हातमोजे आधी मिळवावे लागतात. नॉर्स कथेत थॉरजवळ हेच तीन ऐवज आहेत. म्हणजे इथे बेरजेच्या जागी अट आली, आणि अटीबरोबर गोष्ट आली. नॉर्स कथांतल्याच तिरफिंग तलवारीचंही तसंच: म्यानाबाहेर आली की बळी घेतल्याशिवाय परत जात नाही. मॅलरीच्या आर्थरकथेत तर जादूगार मर्लिन बजावतो, की तलवारीपेक्षा तिचं म्यान दसपट मोलाचं. ते अंगावर असेतो रक्त सांडणार नाही. आर्थरने नेमकं तेच गमावलं.

महाभारतकारांना हे शिकवायची गरज नव्हती. कर्णाने कवचकुंडलं देऊन घेतलेली वासवी शक्ती एकदाच चालणार. ती अर्जुनासाठी राखलेली, खर्ची पडली घटोत्कचावर. अश्वत्थाम्याला ब्रह्मास्त्र सोडता येतं, मागे घेता येत नाही. सगळ्यांत अफलातून नारायणास्त्र: जितका प्रतिकार, तितकं ते भडकतं. कृष्ण सांगतो, शस्त्रं टाका, रथातून उतरा. भीम ऐकत नाही. त्याला ओढून खाली उतरवावं लागतं. खेळात हे आणून पाहावं. ‘या फेरीत कोणी काही करायचं नाही’ म्हटल्यावर टेबलाभोवती एक तरी भीम निघतोच.

दख्खनचा स्वतःचा मालही कमी नाही. विजापूरची मुलुखमैदान तोफ 1549 साली अहमदनगरला ओतली. वजन सुमारे 55 टन, तोंड हत्ती गिळणाऱ्या सिंहाचं. बत्ती देताच गोलंदाज कान वाचवायला पाण्याच्या हौदात उडी घेई, अशी आख्यायिका. डागणाऱ्यालाच किंमत मोजायला लावणारं याहून चांगलं शस्त्र कुठलं? लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून 2024 च्या जुलैत साताऱ्याला आलेल्या वाघनखांची गंमत वेगळी. ती अफझलखानावर चाललेली तीच, याची खात्री देता येत नाही, असं म्युझियमच म्हणतं. सूत्रधाराला तर अशी संशयाची फट हवीच असते.

तेव्हा यंदा दिवाळीच्या सुट्टीत कोणी पट मांडलाच, तर खंड्यापुढे ‘अधिक तीन’ लिहू नये. नियम असा करून पाहावा: जोवर तो हातभर पुढे तोलून धरलाय, तोवर सोबत्यांना भय नाही, पण धरणाऱ्याने दर फेरीला दमाचा फासा टाकायचा, आणि प्रत्येक फेरीला तो आधीपेक्षा अवघड.