भरणीच्या पावसातलं परडं

मृग लागल्याशिवाय बी मातीत टाकायचं नाही, ही देशावरच्या माणसाची जन्माची सवय. म्हैसुरात घर केलेल्या मराठी माणसाला ती सोडावी लागते. इथं मृगाची वाट पाहत बसलात, तर भाजीपाल्याचा सगळ्यात चांगला महिना हातचा जातो. इथल्या पावसाचं वेळापत्रकच निराळं आहे. वर्षाकाठी पडतो साधारण ८०० मिलिमीटर, म्हणजे फार नाही. पण त्याचे मोठे हप्ते दोन. एक मे महिन्यात, दुसरा सप्टेंबर-ऑक्टोबरात. ज्या जून-जुलैच्या नावानं आपण माळ्यावरून छत्र्या काढतो, त्या दोन्ही महिन्यांत इथं मेपेक्षा कमीच पाऊस होतो. पश्चिमेला सव्वाशे किलोमीटरच्या आत मडिकेरी आहे. तिथं तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. मोसमी ढग कोडगूच्या डोंगरांवर रिकामे होतात, आणि म्हैसूरच्या वाट्याला येतो गार वारा नि भुरभुर.

मेमधला वळीव मात्र जोरकस. दुपारभर तापायचं, चारनंतर आभाळ काळं व्हायचं, आणि दिवेलागणीपर्यंत आळी तुडुंब. शहर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरहून उंचावर असल्यामुळे वैशाखातही पारा पस्तिशीच्या आसपास घुटमळतो. विदर्भासारखं रोप उभ्या उभ्या करपून जात नाही. ऊन, ऊब आणि ओल एकाच वेळी हाताशी असण्याचा हा महिना. बी रुजायला आणखी काय लागतं?

इथला शेतकरी पावसाला नक्षत्राच्या नावानंच ओळखतो, पण त्याची मोजणी आपल्या आधी सुरू होते. सूर्य १४ एप्रिलच्या सुमारास अश्विनीत, २७ एप्रिलच्या सुमारास भरणीत, ११ मेला कृत्तिकेत आणि २५ मेला रोहिणीत जातो. यातली भरणी सगळ्यांची लाडकी. ती बरसली म्हणजे धरणी पिकली, अशा अर्थाच्या म्हणी कन्नडमध्ये सर्रास ऐकू येतात. परसबागेलाही हेच पंचांग लावावं, असं माझं स्पष्ट मत आहे. वाफे गुढीपाडव्याच्या, म्हणजे इथल्या युगादीच्या आसपास तयार ठेवायचे, भरणीच्या पहिल्या दोन सरींनी माती आतपर्यंत भिजू द्यायची, आणि मग बी टाकायचं. एकाच सरीवर भुलून घाई केली, की वरची बोटभर माती ओली नि खाली कोरडीठाक, अशा फसवणुकीत कोंब मरतात. खुरपं टोचून वीतभर खाली पाहावं आणि मग ठरवावं.

जागेचा प्रश्न म्हैसुरात अजून तरी मुंबईइतका बिकट नाही. १९०३ साली इथं नगर सुधारणा मंडळ स्थापन झालं. शहर आखून वसवण्यासाठी निघालेल्या देशातल्या अगदी पहिल्या मंडळांपैकी ते एक. त्या शिस्तीत वाढलेल्या शहरात ३० बाय ४० आणि ४० बाय ६० फुटांच्या भूखंडांची घरं आहेत आणि घराभोवती नियमानं सोडलेल्या पट्ट्या आहेत. तीन-चार फूट रुंदीची ती पट्टी म्हणजे मागच्या दारचा ‘हित्तलु’, आपलं परडं. जुन्या घरांत तिथं एक नारळ, एक कढीलिंब, शेवगा आणि पानवेल असायचीच. आता पुष्कळ ठिकाणी तिच्यावर फरशी बसली आहे, गाडी उभी असते, आणि बाग गच्चीवर गेली आहे. गच्चीवाल्यांनी एक हिशेब पक्का लक्षात ठेवावा: घनफूटभर ओली माती पन्नास किलोच्या घरात वजन टाकते. तेव्हा निव्वळ माती न भरता निम्मा नारळाचा भुसा आणि कंपोस्ट घालावं. तिपटूर-अरसीकेरेचा नारळपट्टा जवळ असल्यानं भुशाची इथं ददात नाही.

बागांचा या शहराला शौक आहे, आणि त्या शौकाचा एक धागा बडोद्याला पोचतो. ड्रेस्डेनजवळ जन्मलेला, लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेला गुस्ताव हर्मन क्रुम्बिगेल १८९३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत आला, आणि तिथून १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानात. बेंगळूरच्या लालबागेचा कारभार त्यानं सांभाळला. कृष्णराजसागराखालच्या वृंदावन उद्यानाच्या आखणीतही त्याचा हात होता. त्याच्या आधी लालबागेत जॉन कॅमेरॉन होते. मूळ मेक्सिकोच्या चौचौचा वेल इकडे रुजवण्याचं श्रेय त्यांना देतात. कन्नडमध्ये ही ‘सीमे बदनेकाई’, म्हणजे परदेशचं वांगं. म्हैसूरच्या सांबारात आणि कूटूत ती इतकी मुरली आहे, की पाहुणी होती हे कुणाला सांगूनही खरं वाटणार नाही.

चौचौची लागण एकदा तरी करून पाहावी, कारण तिचं बी वेगळं निघत नाही. अख्खं फळच लावायचं. टोपलीत विसरलेल्या चौचौच्या रुंद टोकाला चीर असते. काही दिवसांनी त्या चिरेतून हिरवा कोंब जीभ काढल्यासारखा बाहेर येतो. कोंब वीतभर झाला की फळ आळ्यात आडवं ठेवायचं, दोन हिस्से मातीत नि एक हिस्सा वर. पूर्ण पुरलं तर कुजतं. मेमध्ये लावलेला वेल पावसाळाभर नुसता पसरत राहतो आणि दिवस लहान होऊ लागले की फुलतो. मांडव भक्कम हवा. वळवाच्या वाऱ्यानं बांबू उपटले गेले, की वेलही जातो आणि शेजाऱ्याशी संबंधही.

भरणीला थेट जमिनीत टोकण्यासारखी बी म्हणजे भेंडी, गवार, चवळी, दोडका, पडवळ, कारलं, दुधी आणि माठ. भेंडीचं बी रात्रभर भिजवावं, कारल्याचं त्याहून थोडं जास्त. मेच्या पहिल्या आठवड्यात टोकलेली भेंडी जूनच्या मध्यावर तोडायला येते. म्हणजे कोल्हापूर-साताऱ्याकडे वाफे होत असतात, तेव्हा इथं परतलेली भेंडी ताटात असते. उन्हाळ्यात भेंडीला हळद्या गाठतो, पानांच्या शिरा पिवळ्या पडतात. हा रोग पसरवते पांढरी माशी. बेंगळूरजवळच्या हेसरघट्ट्याच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं काढलेलं ‘अर्का अनामिका’ हे वाण त्याच्यापुढे बराच टिकाव धरतं. तरीही पिवळं झाड दिसलं की लगेच उपटावं. दयेपोटी ठेवलेलं एक झाड उरलेल्या दहांना घेऊन जातं.

वेलभाज्यांची एक गंमत निरखण्यासारखी आहे. दुधीची पांढरी फुलं आणि दोडक्याची पिवळी फुलं संध्याकाळी उमलतात. घोसाळ्याची मात्र सकाळी. वळीवही नेमका संध्याकाळचा. फाल्गुनात लावलेले दुधी-दोडके मेमध्ये फुलावर असले, तर सरी पराग धुऊन नेतात आणि कोवळी फळं पिवळी पडून गळतात. लोक खताला दोष देतात. उपाय सोपा आहे: दिवेलागणीला पाऊस नसेल तेव्हा लांब देठाचं नरफूल तोडायचं, पाकळ्या सोलून काढायच्या आणि मधला परागाचा दांडा मादीफुलात हलकेच फिरवायचा. मादीफूल ओळखणं अवघड नाही; त्याच्यामागे लव असलेला बोटाच्या पेराएवढा दुधी आधीच बसलेला असतो. फळमाशीसाठी आमिषाचे सापळे मिळतात, पण घरच्या चार वेलांना फळावर कागदी पिशवी बांधणं पुरतं.

वांग्याचं रोप चैत्रातच सावलीत तयार करावं आणि कृत्तिकेच्या पावसात लावावं. म्हैसूरला येऊन इथलं ईरनगेरे वांगं लावलं नाही, तर काय केलं? शहरातल्याच ईरनगेरे भागाच्या नावानं ओळखलं जाणारं हे लांबट हिरवं वांगं, मऊ गराचं. इथला वांगीबात त्याच्याशिवाय होत नाही, असं जुन्या घरांतल्या अज्जी ठासून सांगतात, आणि खाऊन पाहिल्यावर मी त्यांच्याच बाजूचा आहे. शेंडा अचानक माना टाकू लागला, तर आत अळी आहे असं समजावं. दोन बोटं खालून खुडून तो बादलीतल्या साबणपाण्यात टाकावा. फवारणीच्या बाटलीआधी नखं वापरावीत.

या दिवसांत काय लावू नये, हेही सांगायला हवं. टोमॅटो एप्रिल-मेमध्ये हौसेनं लावला जातो आणि पांढऱ्या माशीमुळे पानं मुरडून बसतो. त्याला जूनची गार हवा मानवते. फारच घाई असेल, तर ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण पानमुरड, मर आणि करपा तिन्ही सोसतो. मात्र त्याचं बी पुढच्या वर्षासाठी धरता येत नाही. दुसरं, अवरे, म्हणजे आपला पावटा. हिवाळ्यातल्या अवरेच्या सुगंधासाठी म्हैसूरचे लोक वेडे होतात. पण देशी अवरेला फुलायला लहान दिवस लागतात. मेमध्ये पेरलात तर मार्गशीर्षापर्यंत पानंच मोजत बसाल. बेंगळूरच्या कृषी विद्यापीठानं बारमाही फुलणारे हेब्बाळ अवरेचे वाण काढले आहेत. शेंग मिळते, पण हिवाळ्याच्या अवरेचा तो वास त्यांत नाही, हे माझं मत.

पालेभाज्यांत हा मुलूख श्रीमंत आहे. दंटू, म्हणजे देठाचा माठ, बसळे, म्हणजे मायाळू, शेपू, शिवाय होनगोने, गणिके, चक्रमुनी, दोड्डपत्रे. मस्सोप्पू आणि बस्सारू या इथल्या पातळ भाज्यांत तीन-चार पाले एकत्र पडतात, म्हणून परड्यातही एकेकाची मूठभर जागा असली तरी भागतं. दोड्डपत्रे हा आपला पानओवा. फांदी खोचली की लागतो, आणि उन्हाळ्यात त्याची ताकातली तंबुळी करतात.

पावसाबरोबर येणारं संकट म्हणजे आफ्रिकी गोगलगाय. २०२२ मध्ये मराठवाड्यात गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली, ते वाचकांना आठवत असेल. परसात एका रात्रीत वाफा साफ होतो. ओलं गोणपाट आणि खाली कोबीची पानं ठेवून संध्याकाळी सापळा लावायचा, पहाटे गोळा करून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. उघड्या हातानं मात्र उचलू नये. त्यांच्या अंगातून माणसाला बाधणारे जंत येऊ शकतात.

माती इथं तांबडी, भुसभुशीत आणि भुकेली. पाणी थांबत नाही, त्याबरोबर खतही थांबत नाही. म्हणून एकदा भरपूर घालण्यापेक्षा दर पंधरवड्याला थोडं घालावं: शेणखत, गांडूळखत आणि मूठभर करंज पेंड. करंजाला इथं होंगे म्हणतात. या बाबतीत मराठी माणसांनी कर्नाटकाला दिलेलं थोडं नाही. अमरावती जिल्ह्यातल्या सुभाष पाळेकरांचं जीवामृत इथल्या रयत संघाच्या शेतकऱ्यांनी उचलून धरलं. दहा लिटर पाणी, अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर-शंभर ग्रॅम गूळ आणि बेसन, चिमूटभर बांधाची माती, दोन दिवस सावलीत. एवढं प्रमाण घराला पुरतं. पण दाटीच्या वस्तीत त्याचा वास शेजारी सहन करतीलच असं नाही. त्यापेक्षा कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोळकरांच्या प्रयोग परिवारानं शिकवलेली, सुका पाला आणि हिरवा पाला कुजवून घरीच माती घडवण्याची रीत मला शहरासाठी अधिक सोयीची वाटते.

आणखी एक वेल रोहिणीत, मेच्या शेवटच्या आठवड्यात लावावा: कोहळा. त्याला पक्व व्हायला चार महिने लागतात, म्हणजे तो बरोबर दसऱ्याच्या तोंडावर उतरतो. आयुधपूजेला म्हैसुरातली प्रत्येक गाडी, प्रत्येक दुकान कोहळा फोडतं, आणि त्या आठवड्यात त्याचा भाव विचारायची सोय नसते. कुप्पण्णा पार्कात दसऱ्याचं फळ-पुष्प प्रदर्शन भरतं. तिथं सजवलेल्या भाज्या पाहण्यापेक्षा घरच्या वाफ्यात काय चुकलं ते जाणकारांना विचारायला जावं.

हा अंक हातात पडेल तेव्हा भरणीला साधारण सहा महिने असतील. दिवाळीच्या सफाईत निघालेला सुका पाला, भाजीची देठं आणि निर्माल्यातली फुलं कचऱ्याच्या गाडीत देऊ नका. परड्याच्या कोपऱ्यात दोन फुटांचा खड्डा घ्या किंवा जुन्या पिंपाला भोकं पाडा, थरावर थर द्या, मधूनमधून मूठभर शेण टाका आणि दर पंधरा दिवसांनी उलटा. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत खत तयार होतं.