विश्लेषण : ई-कारला वीज पुरेल, पण सोसायटीच्या ट्रान्सफॉर्मरला झेपेल का?

पुणे, ठाणे, नवी मुंबईतील गृहनिर्माण सोसायट्यांच्या सभांमध्ये पाणी आणि पार्किंगच्या जोडीला आता आणखी एक वादाचा विषय आला आहे. पार्किंगमध्ये ई-कारचा चार्जर बसवू द्यायचा का? ‘आपल्या ट्रान्सफॉर्मरला झेपणार नाही,’ असे समिती म्हणते. ‘एका गाडीने काय होणार आहे,’ असे गाडी घेणारा विचारतो. दोघांचेही अर्धे बरोबर आहे.

एका चार्जरचा भार किती?

१५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर गाडी लावली, तर ती सुमारे ३.३ किलोवॉट भार घेते. भिंतीवर बसवलेला चार्जर ७.२ किलोवॉटपर्यंत जातो. म्हणजे दीड टनाचे चार-पाच एसी एकाच वेळी सुरू करण्यासारखे आहे. अशा २० गाड्या संध्याकाळी कार्यालयातून परतून एकाच सुमारास चार्जिंगला लागल्या, तर १४४ किलोवॉटची भर पडेल. सोसायटीत ३१५ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर असेल आणि त्याच वेळी घराघरांत एसी, शिवाय लिफ्ट आणि पाण्याचे पंप चालू असतील, तर समितीची भीती खोटी म्हणता येणार नाही.

मात्र गाडीला लागणारी वीज मोजली की चित्र बदलते. शहरात दिवसाला ४० किलोमीटर प्रवास आणि एका युनिटमागे सात किलोमीटर धरले, तर सहा युनिटही लागत नाहीत. २० गाड्यांची मिळून झाली १२० युनिट. हेच चार्जिंग रात्री ११ ते सकाळी ७ या आठ तासांत समान वाटले, तर भार भरतो अवघा १५ किलोवॉट. गाड्या तेवढ्याच, वीजही तेवढीच, पण भार जवळपास एक दशांश. त्यामुळे ‘एवढी वीज आणायची कुठून’ या नेहमीच्या चर्चेपेक्षा ती कोणत्या तासाला आणि कोणत्या तारेतून घेतली जाते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

ब्रिटनने काय केले?

सगळ्यांनी मोबाइल अ‍ॅपवर रात्री ११ चा टायमर लावला तर? साडेआठची गर्दी ११ वाजता होईल, एवढेच. ब्रिटनमध्ये याचा विचार आधीच झाला. जून २०२२ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या घरगुती चार्जरना स्मार्ट असणे बंधनकारक आहे. कामाच्या दिवशी सकाळी ८ ते ११ आणि दुपारी ४ ते रात्री १० या वेळा टाळण्याचे मूळ सेटिंग त्यांत असते. मालकाला ते बदलता येते. शिवाय प्रत्येक चार्जर ठरल्या वेळेनंतर १० मिनिटांपर्यंत यादृच्छिक उशिराने सुरू होतो, जेणेकरून हजारो गाड्या एकाच क्षणी ग्रिडवर येऊ नयेत. सोसायटीच्या पातळीवर हेच काम ‘लोड मॅनेजमेंट’ असलेली चार्जर यंत्रणा करते. इमारतीचा एकूण वापर मर्यादेजवळ गेला की ती सर्व गाड्यांचा चार्जिंगचा वेग कमी करते. मध्यरात्रीनंतर पुन्हा वाढवते. सकाळी सातला गाडी तयार असली, की ती दोनला भरली की चारला, याने कुणाला फरक पडत नाही.

मग रात्रीची वीज स्वस्त का नाही?

उद्योगांना वर्षानुवर्षे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत सवलत मिळत आली. सौरऊर्जा वाढल्याने आता दुपारी वीज मुबलक असते आणि सूर्य मावळताच ओढाताण सुरू होते. केंद्राने २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून सौर तासांत कमी आणि कमाल मागणीच्या तासांत जास्त दर, असे सूत्र आणले. महावितरणच्या क्षेत्रात स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर सवलत मिळते. सुरुवात युनिटमागे ८० पैशांपासून.

पेच असा, की या वेळेत बहुतेकांची गाडी घरी नसतेच. ती हिंजवडीच्या किंवा ऐरोलीच्या कंपनीत उभी असते. त्यामुळे घराइतकेच कार्यालयांच्या, मॉलच्या आणि रेल्वे स्थानकांच्या पार्किंगमध्ये चार्जर हवेत. वेगवान चार्जरची तेथे गरज नाही. आठ तास उभ्या गाडीला साधे सॉकेटही पुरते. सार्वजनिक चार्जिंग केंद्रांसाठी केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सकाळी ९ ते दुपारी ४ पर्यंत सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट, तर इतर वेळी १.३ पट दर सुचवला आहे. फरक जवळपास दुपटीचा आहे. पण ही सवलत केंद्रचालकाला मिळते. ती गाडीवाल्यापर्यंत पोहोचली, तरच तो दुपारी गाडी लावायला येईल.

गाडीतून वीज परत घेता येईल?

तांत्रिकदृष्ट्या होय. २०११ च्या भूकंपानंतर जपानमध्ये निसानने ‘लीफ’च्या बॅटरीवर घर चालवण्याची सोय बाजारात आणली. नेदरलँड्समधील उट्रेख्त शहरात २०२५ मध्ये सामायिक वापराच्या रेनॉ गाड्या ग्रिडला वीज परत देऊ लागल्या. ४५ युनिट क्षमतेच्या बॅटरीवर दिवसाला १० युनिट वापरणारे घर चार दिवस चालू शकते. मात्र त्यासाठी दुतर्फा चार्जर, दोन्ही दिशांनी मोजणारे मीटर आणि बॅटरीच्या वॉरंटीत स्पष्टता लागते. आपल्याकडील सोसायट्यांचे प्रश्न सध्या याहून साधे आहेत.

समितीने आधी काय तपासावे?

स्वतःच्या मीटरवरून आपली गाडी चार्ज करण्याची मुभा ग्राहकाला आहे. अडचण येते ती सर्वांनी सुटी वायर ओढल्यावर. पहिल्या चार-पाच गाड्या शिल्लक क्षमतेत बसतात. पुढच्याने अर्ज केला, की नव्या ट्रान्सफॉर्मरचा आणि जाड केबलचा खर्च एकदम समोर येतो आणि तो कोणी द्यायचा यावर सभा अडते. म्हणून पहिल्या अर्जाच्या वेळीच समितीने मंजूर भार, उन्हाळ्यातील संध्याकाळचा प्रत्यक्ष कमाल भार आणि मीटर रूमपासून पार्किंगपर्यंतचे अंतर, या तीन गोष्टी परवानाधारक वीज कंत्राटदाराकडून लिहून घ्याव्यात. उन्हाळ्यातील नोंद नसेल, तर ती एप्रिल-मेमध्येच घ्यावी. डिसेंबरमधला आकडा एसी बंद असतानाचा असतो.